तिम्मा वडाराला लागलेला चकवा

फार फार मागची गोष्ट. किती मागची, ते माझ्या सासूलाही ठाऊक नव्हतं, मग मला कुठून असणार? तेव्हा पांढरढोक गावात तीन वर्षं पाऊस नव्हता. गाव सोडायला लोकांनी बैलगाड्या भरल्या होत्या. तेवढ्यात तिम्मा वडार आणि त्याची बायको यंकव्वा गावात आले. तिम्मा म्हणाला, "विहीर खणतो. पाणी लागलं नाही तर मग जा."

गावामागचं टेकाड म्हणजे बुजून गेलेलं जुनं गाव. तिम्मानं तिथंच खणायला घेतलं. आधी राख निघाली, मग हातभर लांब विटा, मग शंखाच्या बांगड्या. चाळीस हात खाली गेल्यावर तो ओरडला, "अगं, खाली गल्ल्या आहेत! ओटे आहेत, चुली आहेत, माणूस तेवढं नाही!" पाण्याच्या वासावर तो त्या गल्ल्यांत शिरला, असं म्हणतात.

शिरला आणि त्याला चकवा लागला. "कुठून आलो मी?" असा त्याचा आवाज कधी पायाखालून यायचा, कधी मारुतीच्या देवळामागून. अख्खं गाव काठावर जमून हाका मारू लागलं. त्या हाका गल्लीगल्लीत घुमल्या. बिचारा! त्यातली खरी वाट कुठली, हे त्याला कसं कळावं?

शेवटी यंकव्वा खवळली. "गप बसा की सगळे! तुमच्या कलकलाटानं जीव जाईल त्यांचा!" गाव चिडीचूप झालं. मग ती एकटीच वाकून म्हणाली, "घरी चला हो."

"आलो, आलो," खालून तिम्मा म्हणाला. आवाज जवळ आला. दोराला हात लागला होता, असंही म्हणतात. पण येता येता त्यानं एका भिंतीवर कुदळ घातली होती, ती भिंत फुटली आणि पाण्याचा लोट आला.

"पाणी! पाणी!" गाव नाचायला लागलं. तीन वर्षांची तहान ती, दोष तरी कुणाला द्यायचा? यंकव्वा जीव तोडून ओरडत होती, पण तिची हाक तिलाच ऐकू येईना. खालून एकदाच आलं, "तुझी हाक कुठली गं?"

मग काहीच नाही. तो बुडाला, की अजून त्या गल्ल्यांत फिरतोय? खरंच मला कळत नाही. पाणी मात्र कधी आटलं नाही, असं म्हणतात.

अजूनही लग्नाची वरात त्या विहिरीपाशी थांबते. हलगी बंद होते, लेकरं तोंडावर बोट ठेवतात. नवी नवरी पायरीवर वाकून एकदाच म्हणते, "घरी चला हो." आणि सगळे कान देऊन थांबतात.

माझ्या लग्नात मीही म्हटलं. खालून कुणीतरी "आलो" म्हणाल्यासारखं वाटलं. पण तेवढ्यात माझ्या दिरानं हलगीवर थाप मारली. चाळीस वर्षं झाली, त्याच्याशी मी धड बोलत नाही.