हौसाने बिल्ला परत केला

फार फार वर्षं झाली. तेव्हा डोंगरांना नावं पडली नव्हती आणि रस्ते वाटेल तिकडे वळायचे. त्या काळची ही गोष्ट. आज जी मंडळी सी भाषेत प्रोग्राम लिहितात, तो तीन तऱ्हेच्या यंत्रणांवर चालवू बघतात आणि चालत्या कामात बाहेरची लायब्ररी बोलावून घेतात, ती म्हणतात ही गोष्ट आमचीच. विहिरी बांधणारे म्हणतात, आमची. भांडण नको म्हणून आपण दोघांनाही हो म्हणू आणि पुढे चालू लागू.

तर एक होती हौसा. पाथरवटाची लेक. तिचा पाठचा भाऊ भैरू. ढासळायला आलेल्या विहिरींचे चिरे पुन्हा बसवून देणं हा दोघांचा धंदा. भैरू विहिरीत उतरायचा, हौसा वर राहून सगळी जुळवाजुळव करायची. सोबत एक गाढव, छिन्नी, हातोडा आणि भाकरीचं गाठोडं. दोरखंड नाही, रहाट नाही, दोर धरणारी माणसं तर नाहीतच. एवढं लटांबर गावोगाव कोण वागवणार? ते ज्या त्या गावात मागून घ्यायचं.

कारण त्या काळी प्रत्येक गावात कसबी लोकांचे जथे असत. दोरवाल्यांचा जथा, सुतारांचा जथा, पाणी उपसणाऱ्यांचा जथा. काम निघालं की जथा बोलवायचा, काम सरलं की सोडायचा. आज तुमच्याकडे, उद्या शेजाऱ्याकडे. एकाच जथ्यावर दहा घरांचं भागत असे.

बोलवायची रीत मात्र राज्याराज्यात निराळी. डोंगरातल्या राज्यात जथ्याच्या नावाआधी ‘वीर’ लावावं लागे. नदीकाठच्या राज्यात नावानंतर ‘मंडळी’ म्हणावं लागे. रेताड राज्यात पुढे ‘वीर’ आणि मागे ‘राजे’, दोन्ही लावल्याशिवाय कोणी मान वळवत नसे. कसब तेच, दोर तोच, माणसंही तशीच. पण डोंगरातली हाक रेताडात मारली तर नुसते कावळे उडत.

जथा आला नाही तर का आला नाही, हे विचारायचीही तऱ्हा होती. डोंगरातला वेशीवरचा नाईक कारण सांगे, पण एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणे, मी कुठे काय बोललो? नदीकाठचा नाईक नुसता आकडा सांगे. “एकशे सव्वीस,” म्हणे आणि डोळे मिटून घेई. त्या आकड्याचा अर्थ गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक नसे. हौसाने मात्र तोही शिकून घेतला होता.

जथा हजर झाला की नाईक हातावर तांब्याचा बिल्ला ठेवी. तो दाखवून जथ्यातला हवा तो माणूस नावाने मागायचा. नाव अगदी नेमकं. ‘तोलाजी’च्या जागी ‘तोल्या’ म्हटलं की सगळे ढिम्म. आणि काम झाल्यावर बिल्ला परत करायचा. नाईक शिंग फुंके आणि जथा मोकळा होई.

हे बिल्ला परत करणं हौसाच्या जिवाभावाचं. त्याला कारण तिचा बाप. म्हातारा कामाचा पक्का, पण बिल्ले परत करायचा विसरे. कमरेला बिल्ल्यांची माळच लोंबायची. एकदा पाणीवाल्यांचा जथा त्याच्या नावावर अडकून बसला होता, आणि त्याच गावात एक घर पेटलं. जथा जागचा हलला नाही, कारण बिल्ला परत आला नव्हता. घर बसलं. आत एक बाळंतीण होती. त्यानंतर ज्या गावात जावं तिथं लोक हौसाला त्या बापाची लेक म्हणून दाखवत. तिने तेव्हाच मनाशी गाठ मारली, की बिल्ला आपल्या हातात तापताही कामा नये.

म्हणून तिने आपली एक पद्धत बसवली. जथा बोलवायचा, बिल्ला घ्यायचा, दोर धरणाऱ्या माणसाला नावाने पुढे बोलवायचं, त्याने दोर हातात घेतला की तडक जाऊन बिल्ला परत. माणूस तर मिळाला, आता बिल्ला हवा कशाला? हिशोब चोख.

डोंगरात ही पद्धत बिनबोभाट चालली. कारण डोंगरातले दोरवाले मनाने मऊ. शिंग वाजलं तरी हातातलं काम टाकून जायला त्यांना कसंसंच व्हायचं. भैरू वर येईपर्यंत ते तसेच उभे राहायचे. हौसाला वाटे, हीच रीत.

नदीकाठीही ती चालली. तिथं एकाच वेळी चार घरं त्याच जथ्याला बोलवीत. हौसाने बिल्ला परत दिला तरी बाकीच्यांचे बिल्ले बाहेर असत, म्हणून जथा गावातच राही. हौसाला वाटलं, इथंही हीच रीत. दोन राज्यांचे नाईक तिचं तोंडभर कौतुक करत. बिल्ला परत करावा तर हौसाबाईंनी, असं म्हणत.

कौतुक फार वाईट गोष्ट. ती चुकीला बाळसं देते.

मग दोघं रेताड राज्यात आली. तिथं एका गावाला एकच विहीर होती, खोल, आणि तिचा अर्ध्यावरचा बांध पोट सुटल्यासारखा पुढे आला होता. तो कोसळला तर विहीर बुजणार, आणि गाव उठणार. गावकऱ्यांनी हात जोडले. भैरूने वाकून आत पाहिलं, एक खडा टाकला, ऐकलं, आणि होईल म्हणाला.

हौसाने वेशीवर जाऊन हाक घातली, पुढे ‘वीर’ आणि मागे ‘राजे’ लावून. जथा आला. आला की नाही हे तिने नीट पाहून घेतलं, तेवढी ती शहाणी होती. नाईकाने बिल्ला दिला. तिने तोलाजीला नेमक्या नावाने मागितलं. तोलाजी म्हणजे उंच, अबोल गडी. त्याने आपल्या चौघांना रहाटाशी उभं केलं आणि दोर हाताला गुंडाळला.

भैरूने कमरेला दोर बांधला. बहिणीच्या मुठीतला बिल्ला आणि वेशीकडे वळलेली तिची पावलं त्याला दिसली.

“आक्का, मी वर येईपर्यंत पदराला बांध की तो. चावतोय काय?”

“तुला तोलाजी मिळाला ना? मग बिल्ल्याची काय पूजा घालायचीय?”

“म्हणजे नवरदेवाला मांडवाबाहेर काढायचं आणि म्हणायचं, होऊ द्या अक्षता.”

“उतर आता. तोंड कमी चालव, हात जास्त.”

भैरू हसत हसत आत उतरला. अर्ध्यावर एक कोनाडा होता. त्यात पाय रोवून बसला, दोर सैल सोडला आणि छिन्नीचा आवाज सुरू झाला. ठरलं होतं ते असं: काम झालं किंवा धोका वाटला की त्याने दोराला दोन हिसके द्यायचे, वरच्यांनी ओढायचं.

वेस विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, बाभळींच्या आड. हौसाने बिल्ला नाईकाच्या हातावर ठेवला. त्याने काही विचारलं नाही. बिल्ला खुंटीला अडकवला आणि शिंग फुंकलं. हौसाने ते शिंग दोन राज्यांत कितीदा तरी ऐकलं होतं. तिच्या लेखी तो नुसता आवाज होता. परत येताना तिने गाढवाला पाणी पाजलं, त्याच्या पाठीवरची माशी हाकलली, सावकाश आली.

रहाटापाशी कोणीच नव्हतं.

तोलाजी नाही, त्याचे चौघे नाहीत. दोर मात्र होता, धुळीत नीट वेटोळं करून ठेवलेला. रेताड राज्यातले दोरवाले वाईट नव्हते. शेवटचा बिल्ला खुंटीला लागला की त्यांनी त्या क्षणी हात काढायचा आणि पुढच्या गावाला निघायचं, एवढाच तिथला कायदा होता. शिंग वाजलं, त्यांनी हात काढला. दोर सैल होता, तेव्हा आतल्या माणसाची दुसरी सोय झाली असेल असं त्यांनी धरलं. नाहीतर आत माणूस असताना बिल्ला कोण परत करतं?

हौसा तिथं उभी होती आणि विहिरीत काहीतरी करकरलं. दगडावर दगड घासल्याचा तो आवाज पाथरवटाच्या घरातली पोरं पाळण्यात ओळखायला शिकतात. दोराला दोन हिसके बसले.

“तोलाजी, ओढा,” ती म्हणाली. जिथं तोलाजी उभा होता त्या जागेकडे बघून म्हणाली.

त्या जागेने काही उत्तर दिलं नाही.

ती विहिरीकडे धावली, आत ओरडली, की दोरावर भार टाकू नकोस, थांब. पण चिरे सुटायला लागले होते, त्या गडगडाटात तिचं ओरडणं कुठल्या कुठे गेलं. भैरूने कोनाडा सोडला. त्याने आपला सगळा भार दोरावर टाकला, कारण दोराच्या वरच्या टोकाला माणसं आहेत हे त्याला ठाऊक होतं.

वेटोळं सापासारखं उलगडत निघालं. हौसाने दोर धरला. दोराने तिला धुळीतून फरफटत काठापर्यंत नेलं. तळहातांचं कातडं गेलं तरी तिने सोडला नाही. मग बांधाचा उरलेला भाग एकदम आत गेला, दोराला पाच गड्यांनीच पेलावा असा झटका बसला, आणि दोर तिच्या हातातून सुटला.

धूळ खाली बसायला फार वेळ लागला. मग विहिरीतून काहीच आवाज आला नाही.

संध्याकाळी ती वेशीवर गेली. हात फडक्यात गुंडाळलेले होते.

“तो आत होता,” ती नाईकाला म्हणाली.

नाईक उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता, तो काही दगड नव्हता. “बाई, बिल्ला तुम्ही परत दिलात.”

“डोंगरात असं होत नाही. तिथं थांबतात.”

“डोंगरात माणसं चांगली असतील,” नाईक म्हणाला. “त्यांच्या चांगुलपणावर तुम्ही भावाला खाली सोडत होतात, हे तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही, एवढंच.”

हौसा विहिरीकडे परत गेली.

विहीर चिऱ्यांनी तोंडापर्यंत भरली होती. भैरूला काढणं कोणालाच शक्य नव्हतं, म्हणून गावाने वर माती लोटली आणि तिथंच नमस्कार केला. पाणी संपलं तसं गावही उठलं. घागरी, म्हाताऱ्या, शेळ्या असं सगळं घेऊन लोक निघाले आणि वाटेत ज्यांना झेपलं नाही ते वाटेतच राहिले. हौसा त्यांच्याबरोबर गेली नाही. ती डोंगरातही परतली नाही, नदीकाठीही नाही. त्या बुजलेल्या विहिरीशेजारी तिने एक खोपटं घातलं. कोणी वाटसरू आला आणि पाणी मागू लागला, की इथं पाणी नाही एवढंच ती सांगे.

म्हणून बाबांनो, एका गावाने आपली चूक पोटात घातली तर तिला रीत समजू नका. दोराला आपलं माणूस आहे तोवर दोर धरणाऱ्याला निरोप देऊ नका.