पुस्तक मिटल्यावर उरलेला शार्क

“…म्हणजे हे नापासच ना, बाई?”

उन्मेष पाटणकरनं पातळ पुस्तक केळुसकर बाईंच्या पुढ्यात ठेवलं. पानोपानी लाल पेन्सिल फिरली होती.

बाई पडवीत बसून फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत होत्या. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाईंची हयात कॉलेजात मुलांना मासे शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर, शाळांना जाणारी विज्ञानाची पुस्तकं तपासून द्यायचं काम गावच्या वाचनालयानं त्यांच्या गळ्यात घातलं. बाई हो म्हणाल्या की पुस्तक शाळांच्या कपाटात. नाही म्हणाल्या की परत. आणि एकदा परत गेलेलं पुस्तक वाचनालय पुन्हा हातात धरत नसे.

आता बाईंचे डोळे अधू झाले. म्हणून त्यांनी आपला जुना विद्यार्थी उन्मेष हाताशी घेतला. पुढेमागे ही गादी त्यालाच मिळणार, असं गावात बोललं जाई. मिळायची होती अजून, पण गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला होता.

यंदा शार्कवरचं एकच पुस्तक घ्यायचं होतं. एक होतं जाड, गुळगुळीत, परदेशी फोटोंचं. दुसरं पातळ, हाती लिहिलेलं, अजून छापायचंसुद्धा होतं. ते खाडीपलीकडच्या शाळेत शिकवणाऱ्या रोहिणी भाटकरचं. तिचं पहिलंच पुस्तक. हे परत आलं तर पुन्हा पेन हातात धरणार नाही, असं ती बोलून बसली होती.

“चुका वाच,” बाई म्हणाल्या.

“‘पोहायचा थांबला की शार्क मरतो.’ सगळे कुठे मरतात? कित्येक तळाशी खुशाल पडून असतात.”

“बरोबर.”

“‘शार्कला कर्करोग होत नाही.’ होतो.”

“होतो. पुढे?”

“आता हे ऐकाच. ‘सगळ्या शार्क माद्या पिल्लांना जन्म देतात.’ अहो, कितीतरी जाती अंडी घालतात! हिनं बाजारात मुशीच्या पोटात पिल्लं बघितली आणि दिलं ठोकून. आपल्या जाळ्यात येणारा छोटा शार्क, ही मुशी, म्हणजे काय जगातले सगळे शार्क?”

बाई खळखळून हसल्या.

“अस्सल किनाऱ्यावरची चूक! पुण्याच्या माणसाला ही चूक जन्मात करता येणार नाही.”

उन्मेषही हसला. बाई आपल्याच बाजूच्या, असं त्याला वाटलं.

“आणि ते जाड?”

“एक चूक नाही, बाई. डोळ्यांत तेल घालून वाचलंय. दात कसे पडतात, नवे कसे येतात, जबडा पुढे कसा सरकतो, रक्ताचा वास कसा लागतो… शब्द न् शब्द खरा.”

“म्हणजे जाड पास, पातळ नापास.”

“हो.”

बाईंनी हात पुसले. वाचनालयाला चिठ्ठी लिहायला आता पेन मागतील म्हणून उन्मेषनं खिशात हात घातला.

“दोन्ही पुस्तकं मीट,” बाई म्हणाल्या.

त्यानं मिटली.

बाईंनी कोनाड्यातून खडू काढून त्याच्या हातावर ठेवला आणि पडवीच्या लाल जमिनीकडे बोट केलं.

“जाड पुस्तकातला शार्क काढ.”

“मला चित्रं येत नाहीत, बाई.”

“मला कुठे प्रदर्शन भरवायचंय?”

उन्मेष उकिडवा बसला. आधी जबडा काढला. त्यात दात. दातांमागे दातांची दुसरी ओळ, तिच्यामागे तिसरी. जबड्यासमोर एक होडी, होडीत हात वर केलेला माणूस…

खडू थांबला.

“झालं?”

“झालं. म्हणजे… मागे शरीर असतंच की.”

“पुस्तकात होतं?”

असणारच. कुठल्यातरी पानावर नक्कीच होतं. उन्मेषनं आठवून पाहिलं. मग डोळे मिटून आठवलं. जबडाच समोर आला.

“पोट कुठाय ह्याचं?” बाईंनी वाकून विचारलं.

“नाही काढलं.”

“मग एवढ्या दातांनी खाल्लेलं जातं कुठे? उपाशी रे बिचारा.”

उन्मेषला हसू आलं नाही.

“आता पातळ पुस्तकातला काढ.”

ह्या खेपेला त्यानं मांडी घातली. आधी शेपूट आली, वरचा भाग लांब आणि खालचा आखूड. मग पाठीवरचा पर, मग कल्ल्यांच्या चिरा. अंगावर त्यानं बारीक ठिपके दिले, कारण मुशीची कातडी उलट्या दिशेनं चोळली की खरखरीत लागते, असं रोहिणीनं लिहिलं होतं. पोट काढलं, पोटात पिल्लं काढली. मग जन्मलेली पिल्लं काढावीशी वाटली. ती खाडीच्या तोंडाशी उथळ पाण्यात वाढतात, म्हणून खाडी आली, कांदळवन आलं. पिल्लं पार उंबऱ्यापर्यंत पोचली. सगळ्यात शेवटी आठवण झाली म्हणून त्यानं तोंड काढलं, आणि त्यात थोडे दात.

मान वर केली तेव्हा त्याचे गुडघे खडूनं पांढरे झाले होते.



उन्मेषचे कान तापले. लाज वाटत होती. आणि खरं सांगायचं तर, मघापासून त्याला फार मजा आली होती, ह्याची जास्तच लाज वाटत होती.

“पण बाई… चुका त्या चुकाच.”

“चुकाच!” बाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला. “एकही ठेवायची नाही. पोराच्या हातात खोटं वाक्य द्यायचं नाही. तुझी एकही लाल रेघ वाया गेलेली नाही, उन्मेष.”

“मग जाड पुस्तकाचं काय?”

“त्याच्यावरही चालव ना तीच पेन्सिल.”

“पण त्यात खोडण्यासारखं काहीच नाही!”

“हं…” बाईंनी एक आठळी तोंडात टाकली. “तीच तर पंचाईत आहे.”

उन्मेष जमिनीकडे पाहत राहिला. ह्या बाजूला दात. त्या बाजूला सगळं पाणी.

“म्हणजे शब्द न् शब्द खरा असून…”

वाक्य तिथंच अडलं. बाईंनी पुढची आठळी सोलायला घेतली.

मग उन्मेषनं पातळ पुस्तक उचललं. पिशवीत टाकलं. लाल पेन्सिलही टाकली, थोडा विचार करून खोडरबर टाकलं.

“खाडीपलीकडे जायला तरीची होडी आहे का आत्ता?”

“असेल.”

“रोहिणीबाईंच्या शेजारी बसूनच दुरुस्त करतो. अंड्यांचं एक पान वाढवायला सांगतो. वाचनालयाला म्हणतो, थोडं थांबा, शार्कचं पुस्तक येतंय.” तो घुटमळला. “त्या माझं ऐकतील ना, बाई? लाल रेघा फार झाल्यात…”

“तू चित्र काढून दाखव.”

उन्मेषचा चेहरा उजळला. त्यानं घाईघाईनं चपला हातात घेतल्या आणि तो उंबऱ्याकडे निघाला.

“अरे, अरे, हळू!” बाई ओरडल्या. “पिल्लांवर पाय पडेल.”