कातडीची किंमत

फार जुनी नव्हे, अलीकडचीच गोष्ट. क्रोएशियाच्या जंगलात कुना नावाचा, आपल्या मुंगसासारखा दिसणारा प्राणी राहतो. पूर्वी तिथले लोक त्याची कातडी देऊन कर भरत. म्हणून पुढे देशाच्या नाण्याला त्याचं नाव मिळालं आणि चित्रही.

मग युरो आला. जुनी नाणी बदलून घ्यायला एकच दिवस उरला असताना एक नाणं अळंबी वेचणाऱ्या बाईच्या खिशातून जंगलात पडलं.

"कुनाताई, मला बँकेत पोचव," ते तिथून चाललेल्या कुनाच्या मादीला म्हणालं. "उद्यानंतर मला काडीची किंमत राहणार नाही."

"बँकेत तुझं काय करतील?"

"वितळवतील. पण किंमत पुरी देतील."

"कोणाला? तुला?"

कुनाताईने पंजाने नाणं उलटून पाहिलं.

"माझ्या खापरपणजीलाही फार किंमत होती बाबा," कुनाताई म्हणाली. "म्हणून तर ती फासात गेली. आम्हाला कोणी विचारेनासं झालं, तेव्हापासून आम्ही म्हातारे व्हायला लागलो."

"मग मी इथे करू काय?"

"घरी चल. पिल्लांना तुझ्यावरचा कुना दाखवते. इतकी वर्षं माणसांच्या हातात राहून कातडीसकट परत आलेला आमच्यातला तो पहिलाच."

आणि तिने नाणं अलगद तोंडात धरलं.