किटलीतलं दूध

“...मग माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा ना बुवा!”

अरविंद तोडकर मांडी घालून बसला होता, पण त्याचा गुडघा सारखा हलत होता.

आप्पाबुवा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी हौसा. मठाची चूल माझ्याकडं असते. हे सगळं माझ्यासमोर घडलं. तेव्हा मला राग आला होता आणि आजही आठवलं की येतो, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, हौसाबाई एकाच बाजूनं बोलते.

पन्हाळ्याच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आमचा मठ आहे. मठ म्हणजे काय, दोन खोल्या आणि पुढं अंगण. त्या अंगणात, पारावर, अरविंदचे वडील आमच्याकडं पाठ करून बसले होते. केरबाअण्णा. लेकाची गाडी चढ चढून आली, दार वाजलं, लेक उतरला, तरी त्यांनी मान वळवली नाही.

घर सोडून ते मठात येऊन राहिले होते. भाकरी खायचे, अंगण झाडायचे. चहाला मात्र शिवायचे नाहीत. अहो, चहा सोडलेले केरबाअण्णा! कोल्हापुरात त्यांच्या घरी गेलेल्या माणसाची त्यांच्या हातचा चहा घेतल्याशिवाय सुटका नव्हती. बायको गेल्यापासून घरातला चहा त्यांचाच. सूनबाईसुद्धा त्यात हात घालायची नाही. त्या माणसापुढं मी कप ठेवला की तो बोटानं हळूच परत सरकवायचा. 

“केरबा मला काही बोलला नाही,” बुवा म्हणाले. “तूच सांग.”

“चहावरनं झालं बुवा.”

“चहावरनं?”

“अण्णा गॅस चालू ठेवून विसरायला लागले. एकदा पातेलं जळून कोळसा झालं. एकदा चहा उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू. घरभर वास. आत माझी लेक झोपलेली... कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे, बुवा. जीव कसा सांभाळायचा ते लोकांना शिकवतो. माझ्याच घरात हे!”

“मग?”

“मग इलेक्ट्रिक केटल आणायची ठरवली. अशी तशी नाही, दुकानं पालथी घातली. प्लास्टिकची नको, पाण्याला वास येतो. आतनं स्टील पाहिजे. तळातली कॉइल झाकलेली पाहिजे. मूठ तापायला नको, अण्णांचा हात थरथरतो. वजनाला हलकी पाहिजे. पाणी उकळलं की आपोआप बंद झाली पाहिजे, म्हणजे विसरले तरी चालेल.”

“काळजीनं घेतलीस.”

“काळजीनंच ना!” अरविंद पुढं सरकला. “आणि नीट समजावलं. फक्त पाणी. दूध नाही, साखर नाही, पत्ती नाही. पाणी उकळायचं, कपात ओतायचं, वरनं दूध. रोज सांगत होतो.”

आता हे बघा. आमच्याकडं चहा म्हणजे दूध, साखर, पत्ती, आलं सगळं एकत्र उकळणार, वर येणार, खाली जाणार, परत वर येणार. पाण्यात वरनं दूध ओतायचं आणि त्याला चहा म्हणायचं, हे केरबाअण्णांच्या हाताला कसं जमावं? पण मला कोण विचारतंय! मी आपली दारातल्या जात्यापाशी बसून आलं खरवडत होते.

“आमच्या तनुजाला बघायला माणसं आली,” अरविंद सांगत होता. “पसंती आली. अण्णांना काय आनंद झाला! आत गेले आणि... सगळं त्या केटलमध्ये ओतलं. दूध, साखर, पत्ती, आलं! बटण दाबलं. भसाभसा उतू गेलं, केटलच्या खालच्या बैठकीत शिरलं, फाट्कन आवाज. घरातली लाईट गेली. पाहुण्यांच्या समोर, बुवा!”

“मग तू काय म्हणालास?”

“...रागात माणूस बोलतो काहीतरी.”

“काय म्हणालास?”

अरविंदनं अंगणाकडं बघितलं. पारावरची पाठ हलली नाही.

“म्हणालो... अक्कल कधी येणार तुम्हाला? घर पेटवूनच मरणार का?”

अडकित्ता थांबला.

माझा हात थांबला. हे मला ठाऊक नव्हतं. चार परक्या माणसांत, नातीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांसमोर, आनंदानं चहा करायला गेलेल्या म्हाताऱ्याला हे असलं!

“पण खोटं होतं का ते?” अरविंदचा आवाज चढला. “कुणाला काही झालं असतं तर? आणि मी मनात काही ठेवलेलं नाही. मी अण्णांना माफ केलंय. ही बघा, नवीन केटलसुद्धा घेऊन आलोय त्यांच्यासाठी.”

बापाला माफ करून आला होता! माझ्या डोक्यात तिडीक गेली. खरवडणी खाली ठेवली, नाहीतर फेकून मारली असती.

“तुम्ही सांगा त्यांना,” तो म्हणाला. “तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. परवा तनुजाची सुपारी फोडायची आहे. आजोबा आल्याशिवाय पाटावर बसणार नाही म्हणते पोरगी. गाडीत बसा म्हणावं, एवढंच. आज नाही आले तर... नंतर येणारच नाहीत ते. मी ओळखतो त्यांना.”

हे शेवटचं बोलताना मात्र त्याचा आवाज फाटला. खोटं कशाला बोलू, तेवढ्यापुरता मला त्याचा कळवळा आला.

बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“आण बघू ती केटल.”

अरविंदला हायसं वाटलं असणार. चटकन उठला, गाडीतनं खोकं आणलं. चकचकीत किटली बाहेर काढली, भिंतीजवळच्या चौरंगावर ठेवली.

“मला शिकव,” बुवा म्हणाले.

आणि त्यानं शिकवलं. काय सांगू तुम्हाला, किती गोड शिकवलं! अनुग्रह घेतलेला शिष्य तो. बुवांसमोर पायातली वहाणसुद्धा आवाज न करता काढणारा.

“हे बघा बुवा, ही आतली खूण. पाणी हिच्या वर नको. उकळी आली की बाहेर उडतं.”

“बरं.”

“ही खालची बैठक. ही कोरडीच ठेवायची. प्लग थेट भिंतीत. आणि झाकण लावलेलं पाहिजे, नाहीतर आपोआप बंद होत नाही.”

“आणि दूध?”

“दूध कधीच नाही बुवा. तळाला लागतं, उतू जातं, बैठकीत शिरतं.”

“हं... बैठक म्हणजे कुठली म्हणालास?”

“ही. खालची.”

“आणि दूध घालायचं का?”

“नाही, बुवा.” तो हसला. “फक्त पाणी.”

दोनदा विचारलं, दोनदा तितक्याच गोडीनं सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तिसऱ्यांदाही सांगितलं असतं.

“कळलं,” बुवा म्हणाले. “हौसा, दूध आण.”

मला वाटलं, वरनं घालायला मागत असतील. सकाळचं निरसं दूध चरवीत होतं, ते आणून दिलं. पत्तीचा आणि साखरेचा डबा दिला. खरवडलेलं आलं दिलं.

बुवांनी किटलीचं झाकण उघडलं.

आणि चरवी त्यात उपडी केली.

अरविंदचं तोंड उघडलं. “बुवा... ते...”

“काय रे?”

“नाही... काही नाही.”

बुवांनी साखर घातली. मुठीनं पत्ती घातली. आलं घातलं. दूध खुणेच्याही वर आलं होतं. झाकण काही नीट बसेना, तर त्यांनी ते तसंच वर टेकवून ठेवलं.

मी ओरडणारच होते, अहो काय करताय! बुवांनी माझ्याकडं असं बघितलं की शब्द घशातच राहिला.

“बरोबर आहे ना, अरविंद?”

अरविंदच्या कपाळावर घाम आला. ज्या माणसानं कारखान्यात शेकडो लोकांना ‘थांबा’ म्हणायला शिकवलं, त्याच्या तोंडातून ‘थांबा’ निघेना.

“...हो, बुवा.”

बुवांनी बटण दाबलं.

लाल दिवा लागला. किटली गुणगुणायला लागली. डोक्यावर पंखा फिरत होता, तेवढाच काय तो दुसरा आवाज. अरविंद त्या किटलीकडं डोळे फाडून बघत होता. त्याचा हात हळूहळू बटणाकडं सरकला.

“बस,” बुवा म्हणाले.

हात मागं आला.

दूध वर चढायला लागलं. कडेनं तपकिरी फेस दिसला. झाकण थरथरलं.

“बुवा, जरा मागं सरता का... तुमच्या अंगावर...”

“बस म्हणलं ना.”

फेस झाकणाला भिडला. झाकण सरकलं, खाली पडलं आणि सगळं भसकन बाहेर आलं. किटलीवरून, बैठकीवर, चौरंगावर, बुवांच्या धोतरावर. चर्र आवाज झाला. मग फाट्!

पंखा थांबला. जळक्या दुधाचा वास सुटला.

अरविंदनं झेप घेतली ती प्लगकडं.

“अरविंदाऽऽ! हात लावू नको! सर मागं, लेकरा!”

दारात केरबाअण्णा उभे होते. पारावरनं दारापर्यंत हा म्हातारा कधी पळत आला, मला दिसलंच नाही. टोपी वाटेत पडली होती. छाती धपापत होती. घर सोडल्यापासून त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघालेले हे पहिले शब्द.

अरविंदला ते ऐकू गेले की नाही, देव जाणे. त्याचं ध्यान बुवांवर होतं. दाराजवळची चप्पल ओढून घेतली, तिच्या टाचेनं भिंतीतलं बटण वर केलं, मग प्लग उपसला. गुडघ्यांवर बसला आणि खिशातल्या इस्त्रीच्या रुमालानं बुवांचं धोतर पुसायला लागला. 

“भाजलं का बुवा? हात दाखवा. पाय दाखवा बघू...”

“तुझी किटली गेली रे,” बुवा म्हणाले. “नवी होती.”

“असू द्या हो!”

“सांगितलं होतंस तू. मी ऐकलं नाही.”

“असू द्या बुवा. होतं असं, नवीन वस्तू आहे, हाताला सवय नसते. तुम्हाला काही झालं नाही ना? मग झालं तर! किटली काय, दुसरी आणू. तुम्ही बसा निवांत, मी पुसतो सगळं.”



अरविंद पुसत राहिला. रुमाल तपकिरी झाला. मग त्याचा हात सावकाश मंदावला आणि थांबला. त्यानं मान वर केली नाही, पण दारात कोण उभं आहे ते त्याला आता कळलं होतं. त्याचे कान लाल झाले.

केरबाअण्णांनी दाराची चौकट धरली होती. लेकाच्या वाकलेल्या पाठीकडं बघत होते. त्यांची हनुवटी हलायला लागली आणि मला तिथं उभं राहवेना. रडू आलं, दुसरं काय.

“मी... मी गाडीत...” अरविंद पुटपुटला. उठायला गेला.

बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं.

मग ते उठले. दारापर्यंत गेले आणि केरबाअण्णांचा दंड धरून त्यांना आत आणलं. स्वतःच्या आसनाकडं नेलं. केरबाअण्णा मागं सरले, “नगं बुवा, तितं कसा बसू मी,” म्हणाले. बुवांनी ऐकलं नाही. खांदे दाबून बसवलंच. त्या आसनावर बुवांशिवाय दुसरं कुणी बसलेलं मी माझ्या उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

आता अरविंदच्या समोर, हातभर अंतरावर, बापाचे पाय होते. अंगणातल्या मातीनं माखलेले.

त्यानं तो तपकिरी रुमाल मुठीत चुरगळला.  बाहेर गाडीच्या टपावर कावळा येऊन बसला, उडून गेला.

बुवांनी काठी घेतली. “हौसा, चल बाहेर,” म्हणाले. मी पदरानं डोळे पुसत निघाले.

उंबऱ्यात बुवा क्षणभर थांबले. मागं वळून बघितलं नाही त्यांनी.

“आत्ता मला जे म्हणालास, तेच म्हण... मी इथं नाही.”