कणगीचा तळ

एका राज्यात धवलकेतू नावाचा राजा होता आणि त्याच्या कोठारात माडीएवढी उंच कणगी होती. कणगीचा तळ दिसला की राज्य बुडणार, अशी राजघराण्याची समजूत. म्हणून दरसाल नवे धान्य जुन्यावर ओतत आणि खायलाही वरवरचेच काढत. तळाशी काय चालले आहे, हे पाहण्याची बुद्धी एकाही महाराजांना झाली नाही.

एकदा एका भुकेल्या मांत्रिकाला राजाने दारातून हाकलले. "जे राखलेस, तेच तुला बाधेल," एवढे बोलून मांत्रिक नाहीसा झाला. त्या दिवसापासून तळची काळी बुरशी वर चढू लागली.

पुढे राजकन्या मंजुघोषा आजारी पडली. खाल्लेली भाकरी पोटात ठरेना, डोळे उघडवेनात. वैद्यांनी हात टेकले. राणी पद्मगंधा लेकीच्या उशाशी बसून राहिली.

खिडकीत एक साळुंकी आली. राणीने उरलेली भाकरी तिच्यापुढे टाकली. साळुंकी हुंगून मागे सरली.

"राणी, हे मी खाणार नाही. तुझी लेक का खाते?"

राणीने लेकीच्या ताटातली भाकरी दूर सारली. तिने उपाय विचारला. साळुंकीने तीन कामे सांगितली. कणगी तळापर्यंत उपसून सगळे धान्य पुरायचे, कारण बुरशीचे विष धुऊन जात नाही की शिजवून मरत नाही. मग कणगी कडक उन्हात तापवायची. शेवटी खणखणीत वाळलेले धान्य भरायचे आणि तळाशी झडप ठेवून जुने ते आधी काढायचे.

राजा आडवा आला. "त्यात आजोबांच्या हातचे धान्य आहे."

"पणतीपेक्षा त्यांना दाणे प्यारे नसते, महाराज," राणी म्हणाली.

राजाने मान खाली घातली आणि स्वतः पाटी उचलली. तळाशी बुरशी गयावया करू लागली, "मूठभर तरी ठेवा." राणीने कोपरान्‌कोपरा झाडून काढला. तळ लख्ख दिसला. राज्य काही बुडाले नाही.

कणगी तापली, पण भरायला दाणा नव्हता. तेव्हा घराघरांतून सुपे आली. आजवर नुसतेच घेणाऱ्या राजाने प्रत्येक सुपापुढे हात जोडले.

पहिली भाकरी राणीने साळुंकीला दिली. घास गिळताच साळुंकीच्या जागी मांत्रिक उभा राहिला.

"शाप दिला आणि मीही तुमच्या अंगणात उपाशी उडत राहिलो. आज पोट भरले. शाप सरला."

आतून मंजुघोषेची हाक आली, "आई, भूक लागलीय."

राणी मांत्रिकाच्या पाया पडली आणि रडतच चुलीकडे धावली. तेव्हापासून त्या राज्यात दरसाल सर्वांदेखत कणगीचा तळ झाडतात, आणि नव्या धान्याची पहिली भाकरी राजा स्वतः दारी आलेल्या भुकेल्याला वाढतो.