न चाखता कळलेलं मीठ

देवाआधी नैवेद्य चाखल्याचा आळ द्वारकाकाकूंवर आला आणि त्यांना तडक दरबारात उभं केलं गेलं. पळसगावच्या देवळात वीस वर्षं नैवेद्य रांधणारी बाई! देवाआधी तो कुणाच्या जिभेला लागू नये, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. पण त्या सकाळी ताट घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेलेल्या काकू एकाएकी माघारी फिरल्या आणि त्यांनी आमटीत मीठ घातलं. कारभारी नारोपंतांनी नेमकं ते पाहिलं. चाखल्याशिवाय मीठ राहिल्याचं कळेलच कसं?

राजे बहिर्जीराव देवभोळे आणि हट्टी. त्यांनी फर्मावलं, "चाखलं नाहीत, तर मग तुम्हाला चूक सांगितली कुणी? त्याला माझ्यासमोर उभा करा. नाहीतर आजच गाव सोडा."

नारोपंतांनी गावाबाहेर काढण्याचा हुकूम लिहूनच आणला होता. फक्त शिक्का उमटायचा होता.

"उभा करते, सरकार. पण आधी माझं डोकं काय लायकीचं आहे ते ऐका," असं म्हणून काकू सुरू झाल्या. परवा विरजण लावताना ताकाऐवजी तांदळाचं धुवण घातलं. पळी हरवली म्हणून घर पालथं घातलं, तर ती हातातच. एकदा विहिरीत घागर सोडली. दोर बांधायचा राहिला होता. इतकं चुकणाऱ्या बाईनं आत एक पहारेकरी ठेवलाय, पण तोही तिच्यासारखाच. पार उंबऱ्यापाशी गेल्यावर ओरडतो!

राजांना हसू आवरेना, पण हट्टही सुटेना. काकूंकडे बघतच त्यांनी शिक्का उचलला, शाईत बुडवला, खाली नेला. कागदाच्या बोटभर वर हात थांबला. त्यांनी मुकाट्यानं शिक्का फिरवून धरला.

"काय झालं, सरकार?"

"काही नाही. उलटा धरला होता."

"नजर तुमची माझ्यावर. कागदावर अजून काही उमटलेलं नाही. मग तुम्हाला न चाखता कसं कळलं?"

राजांनी हातातला शिक्का खाली ठेवला.

"तुमचा हात ज्यानं धरला, त्याच्याच जातभाईनं मला माघारी फिरवलं," काकू म्हणाल्या. "उभा करायला सांगितलंत ना? तो तर सिंहासनावर बसलाय."

राजे इतके हसले की शाई अंगरख्यावर सांडली. "बाई, तुमचा पहारेकरी निदान उंबऱ्यापाशी तरी जागा झाला. आमचा तर हुकूम लिहून होईपर्यंत घोरत होता!"

त्यांनी हुकूम टराटरा फाडला आणि नवा लिहवून घेतला: देवळामागची आमराई द्वारकाबाईंच्या नावे. या वेळी शिक्का त्यांनी दोनदा निरखून मगच उमटवला.