तिळूबाईचा मेथीचा दाणा

तिळाएवढी एक मुंगी होती. तिचे नाव तिळूबाई.

शमीच्या घरामागे भाजीचा वाफा झाला. घरातला पहिलावहिला वाफा! शमीने त्यात मेथी पेरली. पेरता पेरता एक दाणा बाहेर सांडला.

तिळूबाईने तो उचलला. "आज बाळांना मेथीचा दाणा!" असे म्हणत ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

इतक्यात तिला ठेच लागली. दाणा निसटला. गडगड, गडगड... थेट ढेकळाखाली! ढेकूळ शमीच्या मुठीएवढे. तिळूबाईला मात्र तो डोंगरच!

तिळूबाईने एक दिवस ढकलले. दोन दिवस ढकलले. तीन दिवस ढकलले. ढेकूळ हलले नाही. बाळे रोज विचारत, "आई, दाणा कुठे आहे?"

चौथ्या दिवशी तिळूबाई म्हणाली, "ढेकूळदादा, ढेकूळदादा, फूट पाहू. माझा दाणा मिळेना!"

ढेकूळ म्हणाले, "अं हं! झारीने पाणी घातल्याशिवाय मी फुटायचे नाही!"

तिळूबाई गेली झारीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"झारीताई, झारीताई, पाणी घाल पाहू.
ढेकूळ फुटेना,
माझा दाणा मिळेना!"

झारी म्हणाली, "अं हं! शमीने उचलल्याशिवाय मी पाणी घालायची नाही!"

तिळूबाई गेली शमीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

शमी वाफ्यात बसली होती. रोज सकाळी ती पेरलेले दाणे उकरून पाही. "अजून उगवला नाहीत? आळशी कुठले!" असे म्हणून त्यांना पुन्हा पुरून टाकी.

"शमीताई, शमीताई, झारी उचल पाहू.
झारी पाणी घालीना,
ढेकूळ फुटेना,
माझा दाणा मिळेना!"

शमी म्हणाली, "अं हं! झारी जड आहे. बाबांनी हात लावल्याशिवाय मी उचलायची नाही!"

तिळूबाई गेली बाबांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. बाबा खुर्चीत जांभया देत होते.

"बाबा, बाबा, झारीला हात लावा पाहू.
शमी झारी उचलीना,
झारी पाणी घालीना,
ढेकूळ फुटेना,
माझा दाणा मिळेना!"

बाबा म्हणाले, "अं हं! आज रविवार आहे, तिळूबाई. शमीच्या आईने चहा केल्याशिवाय मी उठायचा नाही!"

तिळूबाई गेली आईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. आई चटईवर बसली होती. मांडीवर मनी मांजर घोरत होती. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"शमीच्या आई, शमीच्या आई, चहा करा पाहू.
बाबा हात लावीनात,
शमी झारी उचलीना,
झारी पाणी घालीना,
ढेकूळ फुटेना,
माझा दाणा मिळेना!"

आई हळूच म्हणाली, "अं हं! मनी उठल्याशिवाय मी चहा करायची नाही!"

तिळूबाई चढली मांडीवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मनीमावशी, मनीमावशी, ऊठ पाहू.
आई चहा करीना,
बाबा हात लावीनात,
शमी झारी उचलीना,
झारी पाणी घालीना,
ढेकूळ फुटेना,
माझा दाणा मिळेना!"

मनीने एक डोळा उघडला. "अं हं! मऊ मांडी, कोवळे ऊन. तिळाएवढ्या मुंगीसाठी मी कशाला उठू?"

"असे काय?" तिळूबाई म्हणाली आणि चढली मनीच्या नाकावर. गुदुगुदु, गुदुगुदु...

"आँऽऽ... फिच्च!"

मनी उडाली टुणकन! आई उठली झटकन!
आईने चहा केला. बाबा चहा प्यायले, फुर्रर्र!
बाबांनी झारीला हात लावला. शमीने झारी उचलली, हुश्श!
झारीने पाणी घातले, झरझर झरझर!
ढेकूळ फुटले, भुस्स!

दाणा दिसला! तिळूबाई धावली... आणि थबकली. दाण्याला पांढरी शेपटी फुटली होती.

"अगबाई! माझ्या दाण्याला शेपटी नव्हती!"

शमी नाचू लागली. "शेपटी नव्हे, कोंब! बाबा, उगवला! उगवला!"

बाबा हसले. "उगवणारच. ह्याला कोणी रोज उकरले नाही."

शमीने मातीचे हात पाठीमागे लपवले.

तिळूबाईचा चेहरा पडला. "तुला कोंब मिळाला. मी बाळांना काय देऊ?"

शमी म्हणाली, "हा कोंब मला दे. मी तुला मूठभर मेथी देते."

तिळूबाईने विचारले, "तुझी मूठ की माझी?"

"माझी!"

"मग चालेल!"

शमीने मूठ उघडली. भुरुभुरु, भुरुभुरु दाणे पडले. तिळूबाईने बाळांना हाक मारली. एकेका बाळाने एकेक दाणा उचलला. रांग निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

दाणे गेले बिळात,
कोंब राहिला वाफ्यात,
गोष्ट शिरली कानात!